काउंटरवरचा डबा

आमचे जावईबापू सगळं शून्यातून उभं करतात. हे माझं म्हणणं नाही, त्यांचंच आहे. लग्नाआधी पहिल्यांदा घरी आले तेव्हा चहाचा कप हातात धरून म्हणाले होते, "मी कुणाचं उसनं काही वापरत नाही. जे करतो ते शून्यातून." कप माझा, चहा माझा, बसले ती खुर्ची माझी, आणि न्यायला आले होते ती लेकही माझीच. तेव्हाच मनात म्हटलं, बाई गं, हे शून्य आपल्याला जड जाणार.

गेलंच. लग्न झालं आणि नवराबायको माझ्या लाँड्रीच्या वरच्या खोल्यांत राहायला आले. पुढची खोली जावईबापूंनी आणि त्यांच्या मित्राने कारखान्याला घेतली. मित्राला एवढी मोठी दाढी आहे की सगळे त्याला दाढीच म्हणतात. कारखाना म्हणायचा, पण त्यात यंत्र नाही, धूर नाही, घाम तर औषधालाही नाही. दोघं आपले पडद्याकडे बघत बसतात आणि मधूनच "अरेच्चा" म्हणतात. खाली माझं दुकान. धुलाईचे ड्रम, वाफेची इस्त्री, खळीचा वास, हँगरच्या रांगा. माझं अरेच्चा झालं तर एखाद्याचा सदरा जळतो. यांचं झालं तर काहीच होत नाही, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

ते काय करतात हे लेकीने मला समजावलं. ती दिवसा दुसरीकडे नोकरी करते आणि उरलेल्या वेळात यांच्यासाठी गिऱ्हाईक शोधते. तिचं म्हणणं असं: कुठलाही प्रोग्रॅम एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर न्यायचा तर त्याला लागणारे सगळे तुकडे गोळा करून त्याचा नीट गठ्ठा बांधावा लागतो. दुसरीकडे गेल्यावर तो गठ्ठा सोडून एकेक तुकडा जागच्या जागी बसवावा लागतो. म्हणजे हत्यारं दोन, एक बांधणारं आणि एक बसवणारं. अशी हत्यारं जगात ढिगाने आहेत, बरीचशी फुकट मिळतात. पण ती परक्यांनी केलेली. जावईबापूंना ती कशी चालतील? त्यांनी आपला बांधणारा आणि आपला बसवणारा करायला घेतला.

मी चौथी शिकलेली. पण गठ्ठा बांधणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, माझा जन्म त्यातच गेला. मी म्हटलं, "करू देत. पोटापाण्याचं होतंय ना?"

"होईल आई," लेक म्हणाली. "दवाखान्यांची यंत्रं बनवणारी एक मोठी कंपनी आहे. त्यांची बाई बघायला येणार आहे. तिला पटलं तर झालंच."

बाई यायला थोडे दिवस होते तेव्हाची गोष्ट. सकाळची इस्त्री चालू होती आणि वरून आवाज यायला लागले. दाढी ओरडत होता. दाढी कधी ओरडत नाही, तो जिन्यातल्या मांजरालाही "सरकता का" म्हणतो. थोड्या वेळाने लेक खाली आली आणि माझ्यासमोर हँगर नीट करायला लागली. हँगर नीटच होते.

"काय झालं गं?"

"त्याने सगळं पुसलं."

"काय पुसलं?"

तिने सांगितलं ते ऐकून मी इस्त्री उचलून उभी ठेवली. तर असं, की यांचा सगळ्यात पहिला बांधणारा परक्यांच्या हत्यारानेच बांधलेला होता. बांधणार कशाने दुसऱ्या? त्याने पुढचा बांधला, त्याने त्याच्या पुढचा, अशी पिढी चालत आली. पण मुळाशी परका बसलेला, आणि तो जावईबापूंच्या डोळ्यांत सलत होता. बाई येणार, तिला शून्यातून केलेलं दाखवायचं, मग हे मूळ कसं चालेल? म्हणून त्यांनी घर सारवायला काढल्यासारखं सगळं साफ केलं. तयार बांधलेले होते तेवढे पुसले. मागे कधी काय केलं याची नोंद होती ती पुसली. दाढीकडे प्रती होत्या त्याही त्याला पुसायला लावल्या. म्हणाले, आपल्याकडे सगळं लिहून ठेवलेलं आहे, आता त्यावरून कोरा करकरीत नवा बांधू.

आणि बांधायला बसले तर बांधणाऱ्याचे सुटे तुकडे जागेवर बसवल्याशिवाय तो उभाच राहत नाही. म्हणजे आधी बसवणारा हवा. बसवणारा येतो गठ्ठ्यातून. आणि तो गठ्ठा बांधायला हवा बांधणारा.

"म्हणजे वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही," मी म्हटलं.

लेक हसली नाही.

"मग त्या परक्याला पुन्हा हाताशी धरा की. पहिल्यांदा धरला तसा."

"आता नाही चालत. तेव्हापासून सगळं आमच्याच पद्धतीने लिहिलंय. परक्याला त्यातलं अक्षर कळत नाही. मधल्या पायऱ्या होत्या, त्या पुसल्या."

"म्हणजे शिडीने वर चढलात आणि शिडी जाळलीत?"

"वर चढून नाही गं. खाली उतरून जाळली."

तेव्हा मलाच हसू आलं आणि मी ते गिळलं, कारण तिचे डोळे भरले होते. "आणि नाही झालं बाई येईपर्यंत, तर?"

"त्याच्या जुन्या साहेबांचा फोन आला होता. तिकडे, त्या थंड मुलखात, जागा आहे म्हणाले. दोघांनाही."

दोघांनाही. म्हणजे हिलाही. मी इस्त्री पुन्हा हातात घेतली. "जा की," म्हटलं. "मी काय कुणाला दोरीने बांधून ठेवलंय?"

एका कॉलरवर त्या दिवशी इस्त्री जरा जास्त टेकली. कापड चांगलं होतं म्हणून निभावलं.

दुपारी दाढी खाली आला आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून राहिला. चहा दिला तर घेतला नाही. माझ्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे टक लावून बघत होता.

या कॉम्प्युटरची हकीकत सांगायला हवी. त्याला घरात सगळे डबा म्हणतात. जुना आहे, चालू होताना कण्हतो, वर मी कुणा गिऱ्हाइकाने न नेलेला उशीचा अभ्रा घालते. त्याचं काम एकच, कपड्यांना लावायचे बिल्ले छापणं. मागे जावईबापूंना हुक्की आली की आपलं हत्यार सासूच्या डब्यावर चालवून बघू. चालवलं. दुसऱ्या सकाळी सगळ्या कपड्यांवर एकच बिल्ला छापून निघाला. डॉक्टरीणबाईंचा कोट खाटकाच्या घरी गेला आणि खाटकाचा अंगरखा डॉक्टरीणबाईंकडे. त्या अंगात घालून दवाखान्यात पोचल्यावर कळलं. मी भर गिऱ्हाइकांत म्हटलं, "जावईबापू, आजपासून काउंटरच्या आत तुमचं पाऊल पडता कामा नये." तेही काही कमी नाहीत. म्हणाले, "आई, तो डबा भंगारात घाला. मी त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही." जाताजाता बिल्ले तेवढे दाढीने नीट करून दिले. तेव्हापासून डबा रोज सकाळी विचारतो, नवं आलंय, घालू का? आणि मी 'नंतर' दाबते. घालू का म्हणे! एकदा घातलं तेवढं पुरे.

तर दाढी म्हणाला, "मावशी, यात नंतर कुणी काही घातलं?"

"कुणाची छाती आहे?"

"म्हणजे आहे," तो स्वतःशीच बोलला. "जुना आहे, पण आहे. बांधणाराही आणि बसवणाराही. आमचं लिहिलेलं याला वाचता येतं."

"मग घ्या की, रडताय कशाला?"

त्याने जिन्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, मावशी. मी बोललो तर म्हणाला, त्या डब्याचं नाव काढलंस तर आपली भागीदारी संपली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस बुडतोय, दोर समोर लोंबतोय, आणि याला दोराचा रंग आवडत नाही! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही स्वतःच जाळलेला. ज्याला तहान त्याने विहिरीपाशी यावं. मी का बोलावू? माझी विहीर काही उठून वर जाणार नाही.

मग आमचं असं सुरू झालं. वर ते येरझारा घालायचे, खाली मी गिऱ्हाइकांशी मोठ्याने बोलायचे. "आमचा डबा जुना आहे हो, पण शब्दाला पक्का! काही पुसत नाही, काही विसरत नाही!" गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायची. वरच्या येरझाऱ्या क्षणभर थांबायच्या, पुन्हा सुरू. जिन्यात गाठ पडली तर जावईबापू भिंतीकडे बघत म्हणायचे, "बरं आहे ना आई?" मी म्हणायचे, "उत्तम. आमचं सगळं चालू आहे. तुमचं?" ते म्हणायचे, "होत आलंय." होत आलंय! गाडी रुळावरून खाली, चाकं वर, आणि म्हणे स्टेशन जवळ आलं.

बाई यायच्या आदल्या दिवशी सकाळी लेक खाली आली. दोन्ही हातांवर दोन कोट. जाड, लोकरीचे, गुडघ्याच्या खाली येतील असे. आमच्याकडच्या थंडीला कुणी तसले घालत नाही.

"आई, हे धुवून ठेवशील? नवेच आहेत, पण घेतले त्या दुकानात पडून होते, धुळीचा वास येतोय."

"कुणाचे?"

"आमचे. तिकडे लागतात."

मी हात पुढे केले. कोट भलतेच जड होते.

"बिल्ला लाव बरं का," ती म्हणाली. "गर्दीत हरवतील."

घरच्या कपड्यांना आम्ही बिल्ला लावत नाही. ती पाळण्यात होती तेव्हापासून तिचे कपडे या दुकानात धुतले गेले, एकदाही बिल्ला लागला नाही. हरवायचा प्रश्नच नव्हता, मी डोळे मिटून ओळखते. पण ती म्हणाली म्हणून मी डब्यापाशी बसले. त्याने विचारलं, गिऱ्हाइकाचं नाव? मी एकेक अक्षर शोधून लेकीचं नाव घातलं. त्याने खर्रकन बिल्ला काढून दिला, जसा खाटकाचा काढतो तसा.

तो कोटाला टाचला, कोट मागच्या दांड्यावर टांगले, एप्रन सोडला आणि जिना चढले. माझे गुडघे आता जिन्याला राजी नसतात. त्यांना विचारलं कोणी?

वर जावईबापू पडद्यासमोर होते. दाढी खिडकीत.

"जावईबापू, दुकान दुपारपर्यंत बंद ठेवतेय. खाली या आणि तुमचं काय ते त्या डब्यातून काढून घ्या."

दाढी ताडकन उठला. जावईबापू जागचे हलले नाहीत. "आई, तुमचा उपकार आहे, पण नको. त्यातला घेतला तर मुळाशी पुन्हा तोच परका येतो. मग शून्यातून केलं असं कसं म्हणायचं?"

"नका म्हणू."

"तेच तर आमचं वेगळेपण आहे."

"वेगळेपण?" मी म्हटलं. "अहो, तुम्हाला जन्म देऊन त्या माउलीच्या कमरेचे टाके ढिले झाले, ती काय शून्य होती? तिने भरवलं, बोट धरून चालवलं, तेव्हा कुठे आज मी कुणाचं घेत नाही असं म्हणण्याएवढं तोंड फुटलं तुम्हाला. मुळाशी कुणीतरी असतंच. नसतं ते फक्त अळंब्यांना, आणि त्यासुद्धा कुणाच्या तरी कुजक्या लाकडावर उगवतात."

दाढीने खिडकीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

"हसू नकोस रे," जावईबापू म्हणाले. मग मला म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं काउंटरच्या आत यायचं नाही म्हणून."

"सांगितलं होतं. आणि आता जिना चढून आलेय. यापेक्षा जास्त उंच माझ्याच्याने चढवत नाही." मला पुढचं बोलायचं नव्हतं, पण बोलले. "खाली दोन कोट टांगलेत. मला ते धुवायचे नाहीत."

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती.

काउंटरच्या फळीपाशी येऊन थांबले. "येऊ का आत?"

"हात पुसून या."

पुसले. अभ्रा काढला, घडी घातली, एवढी शिस्त कुठून आली कोण जाणे. डब्यातला बांधणारा आणि बसवणारा अंगठ्याएवढ्या पेटीत उतरवून वर नेले. संध्याकाळच्या आत वरून दाढीची आरोळी आली, "बांधला! जुन्याने नवा बांधला!" मग नव्याने नवा बांधला, त्याने बसवला, एकदाचं ते चाक फिरलं. खाली गिऱ्हाइकांनी वर बघितलं. मी म्हटलं, "काही नाही, बारसं आहे."

पण लेक खाली आली ती चेहरा पाडून. "आई, तो म्हणतो उद्या बाईंना डब्याचं सांगायची गरज नाही. शेवटचा नव्यानेच बांधलाय ना, म्हणजे शून्यातूनच झाला."

"बरं," मी म्हटलं. "उद्याचा चहा मी घेऊन येते."

कंपनीची बाई सकाळी आली. किडकिडीत, फिक्या रंगाचा उंची कोट, बोलणं मोजकं. जावईबापूंनी तिला पडद्यासमोर बसवलं आणि सुरुवात केली. इकडून बांधलं, तिकडे बसवलं, सगळं सुरळीत चाललं. तोंडाने तर काय, धबधबाच. मी चहा घेऊन पोचले तेव्हा ते म्हणत होते, "आणि यात परक्याचं काहीही नाही. सगळं शून्यातून."

बाईने विचारलं, "हा कशाने बांधला?"

"यानेच. स्वतःच स्वतःला बांधतो तो."

"आणि पहिला?"

"पहिलाही..." जावईबापू अडकले.

"स्वतःच? जन्माला यायच्या आधीच?"

दाढी आपल्या बुटांकडे बघत होता. लेक नवऱ्याकडे बघत होती. मी कप नेऊन जावईबापूंच्या हातात दिला आणि समोर उभी राहिले, इतकंच. लग्नाआधीच्या त्या पहिल्या चहाची त्यांना आठवण झाली का, मला ठाऊक नाही. कप मात्र कलंडला आणि चहा थेट बाईच्या कोटावर.

"खाली आहे," जावईबापू एका श्वासात म्हणाले. "पहिला खाली आहे. सासूबाईंच्या काउंटरवर. आमच्याकडचे मी पुसून टाकले, मूर्खपणा केला. त्याच्याही मुळाशी परक्याचं हत्यार आहे."

बाई कोट झटकत उठली. "दाखवा."

जिना उतरून सगळी वरात डब्यापाशी आली. रांगेतली गिऱ्हाइकं बाजूला झाली. बाईने अभ्र्याकडे बघितलं, बिल्ल्यांच्या गुंडाळीकडे बघितलं. "याला नंतर कुणी हात लावला?"

"रोज विचारतो नवं घालू का म्हणून," मी म्हटलं. "मी रोज 'नंतर' म्हणते."

"का?"

"कारण माझा याच्यावर विश्वास आहे आणि जावयांवर नाही."

बाई किंचित हसली. मग जावईबापूंना म्हणाली, "मला जो तो शून्य दाखवतो. शून्य दाखवलं की बाकीच्यावरही माझा विश्वास बसत नाही. आमची यंत्रं आजारी माणसांच्या अंगाला लावलेली असतात. त्यात काय कुठून आलं हे मला पार टोकापर्यंत माहीत हवं. टोकाला लाँड्री निघाली तरी चालेल. टोकच नाही, हे चालत नाही. सगळी वंशावळ लिहून काढा, परक्यासकट. मग सांगते."

"कोट ठेवून जा, बाई," मी म्हटलं. "चहाचा डाग ओला आहे तोवर निघतो."

तिने कोट काढून दिला. मी डब्यावर तिचा बिल्ला काढला. लेक माझ्या कानात म्हणाली, "येईल का गं परत?" मी म्हटलं, "कपडा टाकून गेलेलं माणूस येतंच. हा धंदा त्याच्यावरच चालतो."

आली. कोट घेतला, डागाची जागा उजेडात धरून बघितली, सापडली नाही. मग वर गेली. जावईबापू आणि दाढीने तोवर आठवून आठवून सगळं पहिल्यापासून लिहून काढलं होतं. खाली उतरली तेव्हा मला म्हणाली, "वर्षभर चालवून बघू म्हणतेय. पण एका अटीवर. या डब्याला कुणी हात लावायचा नाही."

"ती अट इथे फार जुनी आहे," मी म्हटलं.

थंड मुलखातल्या साहेबांना नाही म्हणून कळवलं. जावईबापूंनी मला नवा कॉम्प्युटर आणून दिला, बिल्ले आता तोच छापतो. डबा आतल्या कपाटात अभ्रा पांघरून असतो. किल्ली माझ्याकडे. जावईबापूंना बघायचा झाला तर फळीपाशी येऊन उभे राहतात आणि मी वर बघेपर्यंत बोलत नाहीत. परवा एका पाहुण्याला सांगत होते, "शून्यातून उभं केलं..." जिन्यात माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "म्हणजे, जवळजवळ." जवळजवळ! ही खोड मेल्यावरच जायची.

ते दोन कोट मात्र मी धुतले. चांगली लोकर आहे, टाकवत नाही. बिल्ला कात्रीने कापून काढला आणि घरच्या कपाटात टांगले.